कम्युनिटी कॉलेज: फी कमी हे कळलं, पण मूल तिथे टिकतं कशाने?

निवडुंग

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांवर (दोन वर्षांची, कमी फीची सरकारी कॉलेजं) इथे आधीही धागे निघाले. सगळ्यांत चर्चा एकच: पहिली दोन वर्षं तिथे काढली तर किती वाचतात आणि पुढे कुठल्या युनिव्हर्सिटीत जाता येतं. हिशोब खोटा नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं एकक, म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलर पडतात, म्हणजे १२ युनिटांचं सेमिस्टर ५५२ डॉलरांत. पण प्रवेश सगळ्यांना मिळतो, पदवी सगळ्यांच्या हाती लागत नाही. त्यावर मात्र कोणी लिहीत नाही.

माझं मत असं की मुलाच्या हुशारीइतकंच, कदाचित जास्तच, महत्त्व पहिल्या पाच-सहा आठवड्यांत त्याला कोणाची मदत मिळाली याला आहे. ट्यूटरिंग सेंटर, काउन्सेलर, ट्रान्सफर सेंटर (पुढच्या युनिव्हर्सिटीत जायला मदत करणारं), फूड पँट्री (फुकट धान्य-किराणा), लॅपटॉप उसना देणारी लायब्ररी, सगळं आवारातच असतं आणि बहुतेक फुकट असतं. मुलं फिरकत नाहीत.

जाणकारांनी कृपया सांगावं: कुठली सेवा खरंच उपयोगी, तिथे कधी जायचं, काय घेऊन जायचं, एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) असलेल्यांना त्यातलं काय मिळतं. अनुभवकथनापेक्षा नेमकी माहिती आली तर धागा पुढेही कामाला येईल.

तिकोना

वाचनखूण साठवली. वाचतोय.

रानजाई

काउन्सेलरपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या बऱ्याच सेवांची वाट तिथूनच जाते.

काउन्सेलरकडे जायची वाईट वेळ म्हणजे सेमिस्टर सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा. तेव्हा रांगा असतात, दहा-पंधरा मिनिटांची 'ड्रॉप-इन' भेट मिळते आणि तेवढ्यात फक्त एखादा कोर्स बदलून होतो. पूर्ण योजना करायची तर चौथ्या ते आठव्या आठवड्यात अर्ध्या-एक तासाची अपॉइंटमेंट घ्यावी. पुढच्या सेमिस्टरची नोंदणी त्यानंतर लगेच उघडते.

जाताना नेण्याच्या गोष्टी: हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), एपीचे (हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) गुण असतील तर त्यांची प्रत, आधी दुसऱ्या कॉलेजात काही केलं असेल तर तेही, आणि मुलाच्या मनातल्या दोन-तीन युनिव्हर्सिट्या व विषय. विषय पक्का नसला तरी चालतं, पण 'काहीही' म्हणून चालत नाही. कारण इंजिनिअरिंग आणि बिझनेस यांची गणितं पहिल्या सेमिस्टरपासूनच वेगळी.

बाहेर पडताना हातात एज्युकेशन प्लॅन हवा. एक-दोन सेमिस्टरचा छोटा नव्हे, पदवी किंवा ट्रान्सफरपर्यंतचा पूर्ण. कॅलिफोर्नियात ओरिएंटेशन, प्लेसमेंट (कुठल्या पातळीच्या कोर्सला बसायचं ते ठरवणं) आणि हा प्लॅन या तिन्ही गोष्टी झालेल्यांना नोंदणीची आधीची तारीख मिळते. केमिस्ट्री-बायोलॉजीच्या लॅबच्या जागा पहिल्या दोन दिवसांत भरतात, त्यामुळे ही तारीख म्हणजे पूर्ण वर्ष वाचणं किंवा जाणं.

आणि एक. एखादा काउन्सेलर पटला तर पुढची अपॉइंटमेंट त्याच्याकडेच घ्या. दरवेळी नवा माणूस म्हणजे दरवेळी पहिली वीस मिनिटं तीच माहिती सांगण्यात जातात.

ध्रुव७७

रानजाई, सगळं मान्य. पण हे ज्याला आधीच कळतं, त्यालाच मिळतं. ऐच्छिक मदतीची अडचण हीच आहे: जो बुडतोय तो येत नाही. निवडुंग यांच्या प्रश्नाचं सगळ्यांत भक्कम उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळालं आहे.

सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००७ साली 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात मदत आणि अट एकत्र बांधली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं, कच्चे विषय सुरुवातीलाच संपवायचे, सल्लागाराला ठरलेल्या वेळी भेटायचं. बदल्यात फी आणि मदत यांतला उरलेला फरक माफ, पुस्तकांना पैसे आणि सबवे-बसचा पास. पास दर महिन्याला मिळायचा आणि तो भेटींवर अवलंबून. म्हणजे पास घ्यायला यायचं तर सल्लागाराला भेटावंच लागणार.

दुसरी खुबी सल्लागाराच्या वाट्याला येणाऱ्या मुलांची संख्या. असॅपमध्ये एकाकडे ६० ते ८० विद्यार्थी, त्याच कॉलेजांतल्या इतर सल्लागारांकडे ६०० ते १,५००. एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांत चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि त्यांची तुलना केली. तीन वर्षांत पदवी मिळवणारे: असॅपमध्ये ४० टक्के, बाहेर २२ टक्के. हे सगळे कमी उत्पन्नाच्या घरचे, प्लेसमेंट परीक्षेत एक-दोन विषयांत कच्चे ठरलेले विद्यार्थी होते. शिक्षणातल्या कुठल्याही उपायाने पदवीचं प्रमाण जवळपास दुप्पट झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

भीमथडी

असॅपचं कौतुक योग्यच आहे, पण पूर्णवेळची अट विसरू नका. जो आठवड्याला ३० तास गोदामात काम करतो आणि दोनच कोर्स घेतो, तो मुळात त्या गटातच नव्हता. कम्युनिटी कॉलेजात असे अर्धवेळ शिकणारे पूर्णवेळवाल्यांपेक्षा जास्त असतात. त्यांना संध्याकाळी सातला उघडं असलेलं ऑफिस हवं असतं. बहुतेक ठिकाणी काउन्सेलिंग पाचला बंद.

शिवाय खर्च. त्याच अभ्यासात प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत साधारण १६,००० डॉलर जास्त लागले. हे पैसे प्रत्येक कॉलेज कुठून आणणार?

ध्रुव७७

भीमथडी, अर्धवेळचा मुद्दा बरोबर आहे. खर्चाचा अर्धाच. प्रति विद्यार्थी खर्च वाढला, पण पदवीधर इतके वाढले की एका पदवीमागचा खर्च उलट कमी आला. जो विद्यार्थी तीन सेमिस्टर शिकून निघून जातो त्याच्यावरही सरकारचे पैसे लागलेलेच असतात.

आणि ही फक्त न्यूयॉर्कची किमया नाही. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी २०१४-१५ पासून तोच साचा वापरला. तिथे सबवे नाही, म्हणून पासऐवजी महिन्याला ५० डॉलरचं पेट्रोल-किराण्याचं कार्ड दिलं, तेही सल्लागाराला भेटल्यावरच. तीन वर्षांत पदवी: ३५ विरुद्ध १९ टक्के. घरातला मुलगा अशा कार्यक्रमाला पात्र असेल तर पूर्णवेळची अट कशी पाळता येईल याचा आधी विचार करावा, लगेच नाही म्हणू नये.

चिंचगोळी

पास घ्यायला यायचं तर भेटावंच लागणार! ज्याला हे सुचलं त्याला मुलं ओळखता येत होती. :)

मोगरा_फ्रीमाँट

एच-४ बद्दल निवडुंग यांनी विचारलंय. मुद्दे वेगवेगळे करून लिहिते, कारण लोक सगळं एकत्र घोटाळतात.

शिकता येतं का? हो. व्हिसा न बदलता, अर्धवेळ किंवा पूर्णवेळ, कसंही.

फी कुठली लागेल? राज्यागणिक नियम वेगळे. कॅलिफोर्नियात एच-१बी आणि एच-४ असलेल्यांना रहिवासी ठरता येतं. सेमिस्टर सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे पुरावे लागतात: भाडेकरार, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स. ऑनलाइन अर्ज भरल्यावर प्रणाली बऱ्याचदा 'नॉन-रेसिडेंट' ठरवून मोकळी होते. तिथे थांबू नका. अॅडमिशन्स ऑफिसात रेसिडेन्सीचा स्वतंत्र फॉर्म असतो. तो कागदपत्रांसह वर्ग सुरू होण्याआधी द्या. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज भरता येतो.

केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळते का? नाही. पेल ग्रँट (केंद्राचं परत न करायचं अनुदान) नाही, केंद्राचं कर्ज नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असला तरी नाही. कार्ड हातात आल्यावरच. केंद्राच्या पैशावर चालणारा, गरजू विद्यार्थ्यांना मार्गदर्शन देणारा ट्रिओ कार्यक्रमही म्हणूनच बंद.

मग उरतं काय? ट्यूटरिंग, रायटिंग सेंटर, काउन्सेलिंग, अपंगत्व सेवा, लायब्ररीचा उसना लॅपटॉप, करिअर सेंटर. नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला हे असतं, तिथे व्हिसा विचारत नाहीत. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालचं मूल सांभाळणाऱ्या विद्यार्थी-पालकांना २०२३ पासून नोंदणीत प्राधान्यही आहे. आपल्याकडच्या बऱ्याच आया दुपारचेच वर्ग घेऊ शकतात आणि तेच आधी भरतात. हे प्राधान्य आपोआप लागत नाही, मागावं लागतं.

मुलांच्या बाबतीत एक धोका. २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर गेलं की कॅलिफोर्नियात रहिवासी म्हणून फी भरता येत नाही. विसाव्या वर्षीच इमिग्रेशन वकील आणि कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस, दोघांशी बोलून तारखांचा आराखडा करा.

सुगरण_पक्षी

मोगरा, भारतातली बी.कॉम. किंवा बी.एस्सी. घेऊन येणाऱ्यांना हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं का?

मोगरा_फ्रीमाँट

नाही. मार्कशीटचं 'कोर्स-बाय-कोर्स' मूल्यमापन करून घ्यायचं, आणि ते नॅसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडूनच. साधं 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' स्वस्त पडतं, पण त्यात फक्त पदवीची समकक्षता येते. विषयवार युनिट येत नाहीत, मग काउन्सेलरला काही करता येत नाही. विद्यापीठाकडून सीलबंद प्रती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज भारतात असतानाच करावा.

सीपीएसाठी (अमेरिकेतली सीएसारखी पात्रता) कमी पडणारी अकाउंटिंगची युनिटं भरून काढायला कम्युनिटी कॉलेज उत्तम. नर्सिंगला मात्र अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी जुनी चालत नाही. बऱ्याच ठिकाणी पाच ते सात वर्षांची अट असते. त्या कार्यक्रमाच्या पानावर ती आधी पाहावी आणि मगच मूल्यमापनाचे पैसे भरावेत.

कोकणकडा

आईवडिलांसाठी महत्त्वाचं. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा, तुमचा नाही. वय १६ असलं आणि हायस्कूलमधून ड्युअल एन्रोलमेंटचा एखादाच कोर्स घेतला असला तरी त्या कोर्सपुरतं हेच. फोन करून 'माझ्या मुलाला गणितात किती मिळाले' विचारलं तर कॉलेज बहुधा सांगणार नाही, फी तुम्ही भरत असलात तरी.

उपाय सोपा. मुलाने स्वतः संमतीचा फॉर्म भरायचा. त्यात कोणाला आणि कुठली माहिती (गुण, फी, आर्थिक मदत) हे लिहायचं असतं. भांडण झाल्यावर सही मागण्यापेक्षा ऑगस्टमध्ये निवांत बसून भरावा.

फॉर्म भरला तरी प्राध्यापकाला तुम्ही ईमेल करू नका. तो मुलानेच करायचा. काउन्सेलरच्या खोलीत तुम्ही मुलाच्या परवानगीने बसू शकता, पण उत्तरं त्याला देऊ द्या.

चिंचगोळी

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

शांभवी_व्ही

कोकणकडा यांच्या मुद्द्याला जोडूनच. डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऑटिझम, ऐकण्या-पाहण्याची अडचण, दीर्घ आजार, नैराश्य या सगळ्यांसाठी कॉलेजात अपंगत्व सेवा ऑफिस असतं. कॅलिफोर्नियात त्याला डीएसपीएस म्हणतात.

हायस्कूलचा आयईपी (अशा मुलासाठी शाळेने केलेली वैयक्तिक मदत योजना) कॉलेजात लागू होत नाही. शाळेत लागू होणारा कायदा मुलाला शोधून मदत द्यायला लावतो. कॉलेजात १९७३ च्या कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा एडीए (अपंगांच्या हक्कांचा कायदा) लागू होतात, आणि त्यांत विद्यार्थ्याने स्वतः सांगावं लागतं. कोणी शोधत येणार नाही.

क्रम असा. हायस्कूल संपण्याआधी शाळेकडून शेवटच्या मानसशास्त्रीय मूल्यमापनाची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसता आयईपी नव्हे. पुरावा म्हणून काही कॉलेजं आयईपीवर भागवतात, काही नाही, आणि बाहेरून नवं मूल्यमापन करायला हजारो डॉलर जातात. उन्हाळ्यातच ऑफिसात अर्ज आणि भेट. मंजुरी मिळाली की प्रत्येक सेमिस्टरला प्रत्येक प्राध्यापकासाठी नवं पत्र निघतं. ते मुलाने पाठवायचं. त्यात निदान लिहिलेलं नसतं, फक्त सवलत असते: दीडपट वेळ, शांत खोली, नोट्स, पुस्तकाची ऑडिओ प्रत.

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं: सवलत मागच्या तारखेपासून लागू होत नाही. मिडटर्ममध्ये नापास झाल्यावर पत्र दिलं तर ती मिडटर्म गेलीच. आणि टेस्टिंग सेंटरमधली खोली काही दिवस आधी आरक्षित करावी लागते. पत्र आहे पण खोली नाही, म्हणून वर्गातच नेहमीच्या वेळात पेपर लिहिणारी मुलं दर सेमिस्टरला दिसतात.

आपल्या घरांमध्ये 'नोंद कायमची राहील, नोकरीत दिसेल' ही भीती असते. ट्रान्सक्रिप्टवर यातलं काहीही येत नाही.

गणितवेडा

ट्यूटरिंगबद्दल. मुलं तिथे जात नाहीत कारण 'मला काहीच कळत नाही' असं म्हणायला लाज वाटते. मग तसं म्हणू नका. गृहपाठातला एक प्रश्न जिथे अडला तिथपर्यंत सोडवून न्या आणि 'या पायरीनंतर काय' एवढंच विचारा. ट्यूटर उत्तर देणार नाही, तो पुढची पायरी तुमच्याकडून काढून घेईल. रायटिंग सेंटरलाही हेच. असाइनमेंटचा कागद, गुणांची रूब्रिक आणि कच्चा मसुदा नेला तर अर्धा तास सत्कारणी लागतो. व्याकरण दुरुस्त करून देणं हे त्यांचं काम नाही. जमा करायच्या आदल्या रात्री जाऊन तर काहीच हाती लागत नाही.

सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन (एसआय) ही वेगळी गोष्ट आहे. १९७३ मध्ये मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात ती सुरू झाली. तो कोर्स चांगल्या गुणांनी केलेला विद्यार्थी पुन्हा वर्गात बसतो आणि आठवड्यातून काही तास गट घेतो. ती कच्च्या मुलांना नव्हे, कठीण कोर्सना जोडलेली असते: केमिस्ट्री, कॅल्क्युलस, अॅनाटॉमी. त्यामुळे तिथे जाणाऱ्यावर 'ढ' असा शिक्का बसत नाही. वेळापत्रकात एसआय लिहिलेला सेक्शन (त्या कोर्सची तुकडी) दिसला तर तोच घ्या.

याच्या मागचं एक जुनं निरीक्षण सांगतो. बर्कलीत युरी ट्रीसमन यांनी सत्तरच्या दशकात पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी भरपूर अभ्यास करत होते, पण एकटे. चांगले गुण मिळवणारे चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी स्वतः सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांचं तपासत. ट्रीसमन यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन गटात बसवलं, आणि गुण लक्षणीय वाढले. आपल्याकडच्या मुलांना दार लावून एकट्याने अभ्यास करायची सवय घरानेच लावलेली असते. इथे ती आड येते.

भीमथडी

गणितवेडा, मग कॅलिफोर्नियाने उजळणीचे कोर्सच जवळजवळ बंद केले त्याबद्दल काय म्हणाल? एबी ७०५ या राज्याच्या कायद्यानंतर हायस्कूलच्या ग्रेडवर मुलाला थेट ट्रान्सफर पातळीच्या गणितात बसवतात. अपूर्णांक येत नाही त्याला स्टॅटिस्टिक्समध्ये ढकलायचं ही मदत आहे का?

गणितवेडा

पूर्वी काय होतं ते पाहा. प्लेसमेंट परीक्षेत कमी गुण पडले की तीन पायऱ्या खाली बसवायचे: अंकगणित, प्राथमिक बीजगणित, माध्यमिक बीजगणित, आणि मग पदवीला मोजला जाणारा कोर्स. एकेका पायरीवर ७० टक्के पास झाले असं धरा. तिन्ही पायऱ्या ओलांडून वर येणारे ३४ टक्के उरतात, आणि खरा कोर्स अजून सुरूच झालेला नाही. मुलं गणितात नापास होण्यापेक्षा पायऱ्यांमध्येच जास्त गळत होती. २०१७ च्या कायद्याने ही शिडी काढली. २०२२ च्या एबी १७०५ ने हा नियम आणखी कडक केला.

तुमची शंका मात्र खरी ठरते जिथे जोडकोर्स नाही. थेट कोर्सबरोबर आठवड्याला दोन तासांचा कोरिक्विझिट सपोर्ट असेल, त्यात त्याच आठवड्याच्या धड्याला लागणारे अपूर्णांक आणि समीकरणं घेतली जात असतील, तर चालतं. नुसता थेट कोर्स देऊन सोडून दिलं तर नाही. नोंदणी करताना सेक्शनच्या नावात 'विथ सपोर्ट' आहे का ते बघा. दोन युनिट जास्त पडली तरी घ्या.

भीमथडी

हे पटलं. पण दोन तास जास्त म्हणजे कामाचे दोन तास कमी, हेही लक्षात ठेवा.

आता पैशांचं लिहितो, कारण बरीच मुलं इथे घसरतात. केंद्राची मदत घेणाऱ्याला एसएपी (अभ्यासात समाधानकारक प्रगतीचा नियम) पाळावा लागतो. तीन निकष: जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) साधारण २.०, घेतलेल्या युनिटांपैकी ६७ टक्के पूर्ण, आणि पदवीच्या दीडपट युनिटांच्या आत शिक्षण संपणं. ६० युनिटांच्या पदवीला ९०.

दुसरा निकष गुपचूप मारतो. समजा दोन सेमिस्टरमध्ये ३० युनिट घेतली आणि तीनदा एकेक चार युनिटांचा कोर्स मधेच सोडून डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) घेतला. पूर्ण झाली १८. जीपीए ३.५ असेल, पण प्रमाण ६० टक्के, म्हणजे आधी इशारा आणि मग मदत बंद. डब्ल्यूचा जीपीएवर परिणाम नाही हे सगळे सांगतात, तो 'घेतलेल्या' युनिटांत मोजला जातो हे कोणी सांगत नाही. यातून बाहेर यायला पुढच्या सेमिस्टरला १२ घेऊन १२ पूर्ण करायची: ४२ पैकी ३०, ७१ टक्के.

मदत बंद झाली तर अपील असतं. पत्रात तीनच गोष्टी लिहायच्या: काय घडलं, त्याचा पुरावा, आणि आता काय बदललं. तिसरी लिहिलेली नसते म्हणून पत्रं परत येतात. 'मी मेहनत करीन' हा बदल नव्हे. 'कामाचे तास ३५ वरून २० केले, मालकाचं पत्र सोबत', हा बदल.

आणि सगळेच कोर्स सोडून बाहेर पडायचं असेल तर सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटायच्या आत सोडल्यास मदतीचा काही भाग परत द्यावा लागतो. १५ आठवड्यांत ती रेषा नवव्या आठवड्याच्या शेवटी येते. म्हणून आठव्या आठवड्यात चिडून सगळं सोडण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसात एकदा जाऊन यावं.

लॉगिन_विसरलो

अवांतर: पुस्तकांसाठी वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' असं चिन्ह असलेले सेक्शन शोधा. ओपनस्टॅक्सची बरीच पाठ्यपुस्तकं ऑनलाइन फुकट आहेत. गृहपाठाचा ऑनलाइन कोड मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो का ते तपासा, त्यालाच शंभर डॉलर जातात.

हिमरू

एफ-१ वाल्यांसाठी. किमान १२ युनिट, त्यात मोजण्यासाठी ऑनलाइन एकच कोर्स. १२ च्या खाली यायचं असेल तर कोर्स सोडण्याच्या आधी डीएसओची (कॉलेजातला व्हिसाचं काम पाहणारा अधिकारी) परवानगी घ्या, नंतर नव्हे. आधी सोडला आणि मग ईमेल केली तर स्टेटस जाऊ शकतं. काउन्सेलर 'हा कोर्स सोड' म्हणाला तरी त्याला व्हिसाचे नियम माहीत असतील असं गृहीत धरू नका. दोन वेगळी ऑफिसं आहेत.

आवारात काम आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं. फेडरल वर्क-स्टडी (केंद्राच्या मदतीतून मिळणारं विद्यार्थ्यांचं काम) मात्र एफ-१ ला नाही. लायब्ररी, ट्यूटरिंग सेंटर यांच्या साध्या विद्यार्थी-नोकऱ्या पाहाव्यात.

तिकोना

वर्क-स्टडी म्हणजे आपली 'कमवा आणि शिका' की. कर्मवीर भाऊरावांनी हे फार आधी केलं.

हिमरू

तत्त्व तेच. फरक इतका की कर्मवीरांच्या वसतिगृहांत कष्ट हा शिक्षणाचाच भाग होता. इथे तो आर्थिक मदतीचा एक रकाना आहे. ज्या कॉलेजात वर्क-स्टडीची मुलं ट्यूटरिंग सेंटरमध्ये लावतात तिथे मात्र दोघांचाही फायदा होतो: शिकवणारा स्वतः पक्का होतो.

रानजाई

ट्रान्सफरबद्दल अजून कोणी नेमकं लिहिलं नाही म्हणून लिहिते. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' नावाची सरकारी वेबसाइट आहे. तीन खाने भरायचे: वर्ष, आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ. मग विषय निवडला की डावीकडे विद्यापीठाचे कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचे समकक्ष कोर्स दिसतात. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर तो विषय इथे मिळत नाही. तो शेजारच्या कॉलेजात मिळतो का ते बघायचं.

दोन खाचखळगे. एक, जिथे 'आणि' लिहून दोन-तीन कोर्स कंसात जोडलेले असतात तिथे सगळी मालिका पूर्ण करावी लागते, आणि शक्यतो एकाच कॉलेजात. डी अँझा हे कॉलेज सेमिस्टरऐवजी क्वार्टरवर (छोट्या सत्रांवर) चालतं, तिथे कॅल्क्युलस १ए ते १डी अशा चार तुकड्यांत आहे. सेमिस्टरच्या कॉलेजांत तेच तीन तुकड्यांत. दोन तुकडे इथे आणि उरलेलं तिथे केलं की मधला धडा दोनदा येतो किंवा येतच नाही. दोन, असिस्ट फक्त कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांसाठी आहे. खाजगी किंवा बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीची यादी तिच्याच वेबसाइटवर.

टॅग हा हमीचा प्रवेश यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसना आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला नाही. अर्ज फक्त सप्टेंबरमध्ये. म्हणून ट्रान्सफर सेंटरची पहिली भेट पहिल्याच वर्षी. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये जाऊन उपयोग नाही.

प्लॅनोकर

टेक्सासचं थोडक्यात. इथे ४२ क्रेडिट-तासांचा कोअर करिक्युलम (सगळ्यांना सक्तीचे मूलभूत विषय) पूर्ण केला की तो सगळ्या सरकारी विद्यापीठांना मान्य करावा लागतो. अर्धवट असला तर विषयवार मोजतात. त्यामुळे ४२ पूर्ण करूनच निघा. आणि राज्यात पदवीपर्यंत एकूण सहाच कोर्स 'ड्रॉप' करता येतात, कम्युनिटी कॉलेजातले धरून. पहिल्या वर्षी चार उधळले की पुढे युनिव्हर्सिटीत हात बांधले जातात.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. ध्रुव यांचा मुद्दा मनात राहिला: जो बुडतोय तो येत नाही. तेव्हा मूळ प्रश्न जरा बदलून विचारते. घरातला मुलगा कॅलिफोर्नियात सातव्या आठवड्यात आहे, केमिस्ट्रीच्या पहिल्या मिडटर्ममध्ये ४८ टक्के पडलेत आणि त्याने नुकतंच हे सांगितलं. असॅपसारखं काही कॉलेजात नाही. या आठवड्यात नेमकं काय करायचं?

रानजाई

या क्रमाने. आज: सिलॅबस काढून उरलेले गुण मोजा. मिडटर्म २० टक्के असेल तर ४८ म्हणजे एकूणातले साधारण दहा गुण गेले, सी ग्रेड अजून हातात आहे. दोन मिडटर्म आणि फायनलच सगळं असेल तर गणित वेगळं.

उद्या: प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सना मिडटर्मचा पेपर घेऊन. विचारायचं एकच, 'हे गुण कुठल्या प्रकारच्या प्रश्नांत गेले?' मोलचं गणित येत नाही की वेळ पुरला नाही, यावर पुढचं ठरतं.

त्याच दिवशी ट्यूटरिंगची आठवड्यातून दोनदाची कायमची वेळ लावून घ्या. एकदा जाऊन पाहू, असं नको. कॅलेंडरमध्ये वर्ग असल्यासारखीच टाका.

भीमथडी

आणि डब्ल्यू घ्यायची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमधून बघून लिहून ठेवा. कॅलिफोर्नियात ती साधारण सेमिस्टरच्या तीन-चतुर्थांशापर्यंत असते, म्हणजे अजून दुसरी मिडटर्म देऊन निर्णय घ्यायला वेळ आहे. पण तिथे डब्ल्यूही त्या कोर्सचा एक प्रयत्न धरला जातो आणि प्रयत्नांना मर्यादा आहे. मदत घेत असेल तर वर दिलेलं ६७ टक्क्यांचं गणित आधी करून बघा.

शांभवी_व्ही

वेळ पुरला नाही असं उत्तर आलं आणि शाळेत कधी जास्त वेळ मिळत होता, तर याच आठवड्यात डीएसपीएस. दुसऱ्या मिडटर्मच्या आत पत्र निघू शकतं.

गणितवेडा

निवडुंग, त्या सेक्शनला एसआय आहे का ते कळवा. नसेल तर त्याच प्राध्यापकाच्या दुसऱ्या सेक्शनच्या एसआयला बहुधा त्यालाही बसू देतात, तो गट घेणाऱ्या विद्यार्थ्याला ईमेल करून विचारायचं. तिथे जायच्या आधी गृहपाठातली तीन गणितं स्वतः करून न्यायला सांगा, चुकली तरी चालतील.